सही घेतली की सुटलो, असं मलाही वाटायचं

कंपन्यांचे पावसाळी ट्रेक नेणं हा माझा धंदा. कोटेशन, जीएसटी, अ‍ॅडव्हान्स हे तुम्हाला येतच असेल. मी लिहितोय ते एका कागदाबद्दल, ज्याचे हप्ते गेल्या दिवाळीपर्यंत फेडत होतो.

सुरुवातीला एक जुने दादा म्हणाले, "'काही झालं तर आयोजक जबाबदार नाही' अशा फॉर्मवर प्रत्येकाची सही घे आणि निवांत झोप." नेटवरून फॉर्म उतरवला. त्याच्या तळाशी 'कॅलिफोर्नियाचा कायदा लागू' असं छापलेलं होतं, आणि राजमाचीच्या पायथ्याशी ४० जणांनी भिजत त्यावर सह्या केल्या. कोणी वाचलं नाही. मीही नाही.

कोंढाणे लेण्यांच्या बाजूने उतरताना गुळगुळीत तळाचे बूट घालून आलेली एक मुलगी ओढ्यात घसरली, मनगट मोडलं. असे बूट नकोत, हे आदल्या दिवशी ग्रुपवर टाकलं होतं. कंपनीने उपचाराचे १,४०,००० भरले आणि बिल माझ्याकडे पाठवलं. मी ऐटीत फॉर्म पुढे केला. उत्तरादाखल कंपनीशी मीच केलेल्या व्हेंडर अ‍ॅग्रीमेंटमधल्या कलम १४ चा फोटो आला, पिवळा मार्कर मारलेला: कार्यक्रमातून होणारं कुठलंही नुकसान, चूक कोणाचीही असो, व्हेंडर भरून देईल.

ही इंडेम्निटी, म्हणजे नुकसान भरून देण्याचं वचन. इथे नीट थांबा. फॉर्मवर सही मुलीची होती, कंपनीची नव्हे. ती माझ्यावर दावा लावेल की नाही, एवढ्यापुरताच तो कागद. कलम १४ मात्र मी स्वतः कंपनीला दिलेला शब्द. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२४ सांगतं की तिसऱ्याच माणसाच्या वागण्यामुळे झालेलं नुकसानही भरून देण्याचं वचन देता येतं. म्हणजे 'माझी चूक नव्हती' हे तिथे चालत नाही. विम्याकडे धावलो, तर पॉलिसीत आणखी एक ओळ: करार करून अंगावर घेतलेली जबाबदारी वगळली आहे. वकिलाचे ३,००० वाचवले होते मी.

बरं, घेतलेला फॉर्म तरी भक्कम? निष्काळजीपणा झाला तर ग्राहक आयोगापुढे त्याच्यावर भिस्त ठेवू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार', म्हणजे ग्राहकावर अन्याय करणाऱ्या एकतर्फी अटी, हा मुद्दा आला आहे. अठरा वर्षांखालच्या पोराने केलेला करार तर प्रिव्ही कौन्सिलच्या (इंग्रजांच्या काळचं सर्वोच्च अपील न्यायालय) १९०३ च्या निकालापासून मुळातच रद्दबातल. तरी फॉर्म घ्याच. धोके मराठीत, नावानिशी लिहा: ओढा, निसरडा कातळ, दमा असेल तर सांगा. समोरच्याला कल्पना दिली होती, एवढं त्यातून दाखवता येतं.

करारात '९० दिवसांत पेमेंट' वाचून गप्प बसू नका. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायलाच हवेत, करारात काहीही लिहिलेलं असो. नोंदणी काम घेण्याआधी करा.

दादांवर राग नाही. पण ज्याच्यावर अजून बिल आलेलं नाही, त्याचा कागदपत्रांबद्दलचा सल्ला मी आता घेत नाही. टेम्प्लेट विकणाऱ्यांचा तर नाहीच.

आणि घाबरूही नका. पुढच्या कंपनीला मी दोनच बदल मागितले: 'माझ्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानापुरतं', आणि कमाल रक्कम विम्याइतकी. काम जाणार म्हणून रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी त्यांच्या लीगलचं दोन शब्दांचं उत्तर आलं होतं: "चालेल, पाठवा."