कोडेक जोडण्याआधी दोन परवाने तपासा

मुक्त स्रोत कोड मिळाला म्हणजे व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ आकसून साठवणारं आणि पुन्हा उलगडणारं सॉफ्टवेअर) वापरायला मोकळीक मिळाली, असं नसतं. कोडचा परवाना वेगळा, पेटंटचा वेगळा. एच.२६४ या तंत्राने व्हिडिओ आकसणारा एक्स२६४ हा कोड जीपीएलखाली (जोडलेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली) उघडपणे मिळतो, पण एच.२६४ तंत्रावरच्या पेटंटचे हक्क त्यातून मिळत नाहीत. शिवाय एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळणारं साधन मुळात एलजीपीएल या सैल परवान्याखाली असलं, तरी एक्स२६४ जोडून बांधलं की सगळं जीपीएल होतं. म्हणून आयती बायनरी (कंपाइल करून ठेवलेली फाइल) उचलताना ती कोणते पर्याय देऊन बांधली आहे, हे आधी बघा.

एच.२६४ लागणारच असेल तर शक्यतो ऑपरेटिंग सिस्टिममधलाच डीकोडर वापरा. दुसरी वाट सिस्कोच्या ओपनएच२६४ या मुक्त स्रोत कोडेकची. तिथे पेटंटची रॉयल्टी सिस्को भरते, पण फक्त त्यांनी बांधलेल्या बायनरीसाठी, आणि तीही वापरकर्त्याच्या यंत्रावर थेट त्यांच्याकडून उतरली तरच. तोच कोड स्वतः कंपाइल केलात तर ते छत्र उरत नाही! ही अट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते.

एचईव्हीसीत, म्हणजे एच.२६४ च्या पुढच्या पिढीत, गुंता आणखी मोठा, कारण पेटंटधारक एकाहून अधिक गटांत विभागलेले आहेत. नवं काम असेल तर मी २०१८ साली आलेला, रॉयल्टीमुक्त म्हणून बनवलेला एव्ही१ आधी तपासेन. ऑडिओसाठी ओपस.