मिरगाआधी वाल्वचा रेडिओ: तयारीची यादी

पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी सुरू झाली की माळ्यावरचा वाल्वचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ खाली काढा, पाऊस दारात आल्यावर नव्हे. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा गोव्यात ठिकठिकाणी वीज गेली. मोबाईलचे टॉवर अशा वेळी बॅटरी संपेपर्यंतच तग धरतात. विजेच्या लाईनीतून झटका आला की नव्या रेडिओतली आयसी (चिप) जळते. वाल्व तो बहुधा पचवतो, आणि नाही पचवला तरी बिघाड घरच्या मल्टिमीटरने सापडतो.

धूळ, वाळवी, कुरतडलेली वायर हे बघालच.

आधी कपलिंग कंडेन्सर. तौक्तेच्या वेळी नेमका हाच बदलायचा राहिला. आउटपुट वाल्वच्या (स्पीकर चालवणाऱ्या वाल्वच्या) ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला जाणारा, मेणकागदाचा, करंगळीच्या पेराएवढा. आपल्या दमट हवेत त्यातून करंट गळू लागतो, ग्रिडवर प्लस व्होल्टेज चढतं, वाल्व प्रमाणाबाहेर करंट ओढतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. तोवर आवाज बऱ्यापैकी येत असतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही. मेन्स ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर आउटपुट वाल्व काढून ग्रिडच्या पिनेवर मीटर लावा: ईएल८४ला पिन २, ईसीएल८२ला पिन ३. शून्य हवं. एक व्होल्टही प्लस दिसला तर कंडेन्सर गेला. यूएल८४सारख्या यू मालिकेच्या सेटमध्ये फिलामेंट (वाल्व तापवणाऱ्या तारा) एकामागोमाग जोडलेले असतात, एक वाल्व काढला की सगळेच विझतात. तिथे मोजत बसू नका, सरळ बदला. जुन्यावर छापलेलीच किंमत, बहुधा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर. दोन जास्तीचे आणून ठेवा.

तो बदलल्याशिवाय सेट तासन्‌तास चालवू नका.

वर्षभर बंद असलेल्या सेटला थेट २३० व्होल्ट देऊ नका, मोठे फिल्टर कंडेन्सर फुटतात. ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला; एलईडी चालणार नाही. बल्ब आधी उजळून मग मंदावला तर ठीक, भगभगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे. आत २५० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टरमध्ये टिकून राहतो. ५ वॉटच्या १० किलोओहम रेझिस्टरने तो उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. यू मालिकेत चासीच (आतला धातूचा सांगाडा) लाईव्ह असू शकते: टेस्टर लावा, पेटला तर प्लग उलटा करा, आणि त्या चासीला अर्थिंग कधीच जोडू नका.

६० वॉटचा सेट इन्व्हर्टरच्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर, ती निम्मीच वापरायची ठरवली, तर सातआठ तास चालतो. म्हणून फक्त बातम्यांपुरता लावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एचटी (वाल्वना लागणारं चढं डीसी व्होल्टेज) कमी मिळते आणि खरखर वाढते.

डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६ अशा वाल्वचा बॅटरीचा सेट हाती असेल तर तो सोन्यासारखा जपा. फिलामेंटला टॉर्चचा एक मोठा सेल, एचटीला ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या सिरीजमध्ये. ९० व्होल्टची वायर चुकून फिलामेंटला लागली तर चारही वाल्व क्षणात जातात, म्हणून दोन्हींचे प्लग वेगळ्या आकाराचे ठेवा.

एरियल: आठदहा मीटर वायर, कौलांखाली आतूनच. माडाला बांधू नका, वाऱ्याने तुटते आणि वीजही माडावरच पडते. गडगडाट सुरू झाला की वायर काढा, प्लगही काढा.

आकाशवाणीचं पणजी केंद्र मध्यम लहरीवर १२८७ किलोहर्ट्झ, जुन्या तबकडीवर २३३ मीटरच्या आसपास. आत्ताच लावून बघा, काट्याजवळ पेन्सिलची खूण करा. जास्तीचा आउटपुट वाल्व, फ्यूज, सोल्डर, टॉर्च एका डब्यात. डबा रेडिओशेजारी.

कपलिंग कंडेन्सर बदलला ना?