आगशीच्या वांग्यांसाठी एक सकाळ मळ्यात

शिगम्याच्या दिवसांत गोव्यात असाल तर बाजारातून वांगी आणू नका, एकदा तरी थेट आगशीच्या मळ्यात जा. झुआरी पुलाच्या अलीकडे, पणजीहून बसनेसुद्धा आरामात होतं. पावसाळी भात कापून झालं की लोक वांगी लावतात आणि उन्हाळ्यापर्यंत तोडणी चालते. या वांग्याला जीआय टॅग, म्हणजे त्या-त्या भागाच्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन, मिळालाय आणि मिळायलाच हवा होता, एवढं मोठं, जांभळं, चकचकीत आणि आत बिया कमी, असं वांगं मला तरी दुसरीकडे मिळालं नाही.

जायचं सकाळी लवकर, कारण ऊन चढायच्या आत तोडणी उरकतात. आधी विचारूनच आत जा आणि चालायचं बांधावरून, वाफ्यात पाय टाकू नका, लोकांनी रोज पाणी घालून वाढवलेलं असतं ते. स्वतः तोडायला दिलं तर ओढू नका हां, फांदी मोडते, देठासकट कोयत्याने कापायचं, आणि देठाला काटे असतात ते सांभाळा.

निवडताना साल चमकणारी आणि आकाराच्या मानाने हलकं वाटणारं घ्या, जड असेल तर बिया भरल्या असण्याची शक्यता जास्त. कापडी पिशवी न्या, प्लास्टिकमध्ये घाम धरतात. आणि प्लीज भावात घासाघीस करू नका, मेहनत डोळ्यांनी बघितलेली असते ना आपण.

त्याच दुपारी जाड काप करा, हळद-तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर मंद आचेवर, बाजूला सोलकढी.