कच्छच्या रणात गाडी घालण्याआधी पाऊस बघायचा तो असा

माण तालुक्यात कृषी खात्यात नोकरी केली. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, वर कळवायचं, हे मी वर्षानुवर्षं केलंय. त्यामुळे कच्छला गाडी घेऊन निघालेलं कुणी "तिकडे यंदा पाऊस कसा झाला?" असं विचारतं, तेव्हा मी आधी विचारतो, "कुठल्या गावचा?"

कच्छ हा एकच जिल्हा ४५,६७४ चौरस किलोमीटरचा आहे, पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ तिप्पट. हवामान खात्याच्या नकाशावर तो सगळा एकाच रंगात दिसतो. समुद्रकाठच्या मांडवीचा पाऊस आणि पार रणातल्या, म्हणजे मिठाच्या सपाट दलदलीतल्या, खडीर बेटावरचा पाऊस त्या रंगात एक होऊन जातो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तो हिरवा रंगच बघितला, 'सरासरीइतका' म्हणून समाधान मानलं आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. त्या खडीरवरच्या धोळावीराच्या अलीकडे मेहुण्यांनी फोटोसाठी गाडी रस्त्याखाली उतरवली. वर मिठाची कोरडी साय, खाली नुसता गारा, म्हणजे चिखल. पुढची दोन्ही चाकं आसापर्यंत रुतली. ट्रॅक्टर येईतो अंधार पडला, आणि हिच्या गोळ्यांपुरतं पाणी तेवढं उरलं होतं. तेव्हापासून मी जिल्ह्याचा आकडा धरत नाही.

तालुक्याचा आकडा शोधा. गुजरातचा राज्य आपत्ती नियंत्रण कक्ष पावसाळ्यात रोज तालुकावार पाऊस मिलिमीटरमध्ये देतो. थरच्या वाळवंटाच्या बाजूला, जैसलमेर-बाडमेरला जाणार असाल तर राजस्थानच्या जलसंसाधन विभागाचे केंद्रवार आकडे बघा. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, गुजरातच्या तालुकावार तक्त्याचा सहाला. बारा तारखेला संध्याकाळी पडलेला पाऊस तेराच्या नावावर चढतो. दोन तक्ते शेजारी ठेवून "हा आकडा खोटा" म्हणण्याआधी वेळ तपासा.

आपल्याकडे आता महसूल मंडळापर्यंतचे आकडे मिळतात, त्याची सवय झालीय. तिकडे तालुका म्हटलं तरी अंतरं मोठी. धोळावीरा भचाऊ तालुक्यात येतं, पण भचाऊ गाव तिथून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरहून लांब. म्हणून शेजारच्या रापर तालुक्याचा आकडाही जोडीला घ्या. मापक जिथे उभा असतो तिथलाच पाऊस सांगतो, शेजारच्या शिवारातला नाही. हे मी स्वतःच्या हाताने मोजून शिकलोय.

किती मागे जायचं? निदान सहा आठवडे. रोजचे आकडे वहीत उतरवा. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरतात. असे दिवस किती आणि शेवटचा कधी, हे एकूण बेरजेपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

यापुढचं बहुतेक लोक बघतच नाहीत. रणात साचलेलं पाणी तिथेच पडलेलं असेल असं नाही. लूणी नदी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते आणि कच्छच्या मोठ्या रणात विरते. सिरोहीकडची पश्चिम बनास छोट्या रणात उतरते, वाटेत तिच्यावर दांतीवाडा धरण आहे. म्हणजे रापर कोरडं असलं तरी राजस्थानातल्या पाली, जालोर, सिरोहीचे आकडे आणि दांतीवाड्यातून पाणी सोडलंय का, हे बघायलाच हवं. वाळवंटात पाणी मुरतं, ही समजूतही सोडा. २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेरजवळचं कवास बुडालं तेव्हा जमिनीखालच्या जिप्समच्या थराने पाणी खाली जाऊ दिलं नाही, पावसाळा सरल्यावरही ते तसंच उभं होतं.

आकडे झाले की जमीनच बघा. नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' फुकट आहे, रोजचं उपग्रहचित्र देतं. आधी मे महिन्यातलं रण बघा, मग कालचं. त्यातला ७-२-१ हा रंगसंच निवडला की पाणी काळंनिळं उठून दिसतं. युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांची चित्रं दर पाचेक दिवसांनी येतात, पण त्यात दहा मीटरपर्यंतचं बारीक दिसतं. ढग असले तर आदल्या फेरीचं चित्र काढा. पाणी दिसलं नाही म्हणजे चिखल नाही, असं मात्र समजू नका. ओली साय वरून पांढरीच दिसते.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करा. "पाऊस आहे का?" असं विचारू नका, "नाही" असंच उत्तर येईल. "रणमां गारो छे?" असं विचारा. गारा त्यांच्याकडेही गाराच. आणि काल एसटी वेळेवर गेली का, तेही विचारा.

"छे", म्हणजे "आहे", म्हणाले तर चाक डांबराखाली घालू नका. खावडा-धोळावीरा रस्ता रणाच्या मधूनच जातो. दोन्ही बाजूंना पाणी असताना तर तो फारच देखणा दिसतो.