जगप्रदक्षिणेचं तिकीट: आधी दोरा, मग मैल, कार्ड शेवटी

बिझनेस क्लासने जगप्रदक्षिणा करायचीय म्हणणारे लोक मला पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘कुठल्या एअरलाइनचं कार्ड घेऊ?’ मी सांगते, कार्ड, म्हणजे प्रवासाबद्दल बक्षिसाचे गुण देणारं सदस्यत्व, शेवटी. आधी पृथ्वीगोल आणि हातभर दोरा घ्या. दोन शहरांवर दोरा ताणून धरला की विमानाचा साधारण मार्ग दिसतो. सपाट नकाशावर तो कधीच नीट कळत नाही.

तिकिटांचे मुख्य प्रकार दोन, स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या एअरलाइन्सच्या दोन गटांचे. स्टार अलायन्सचं तिकीट एकूण अंतराच्या मैलांवर चालतं आणि बिझनेससाठी त्याच्या भाड्याच्या पायऱ्या 29,000, 34,000 आणि 39,000 मैल अशा आहेत. वनवर्ल्ड एक्सप्लोरर खंडांवर चालतं: तीन ते सहा खंड, जास्तीत जास्त 16 टप्पे, मैलांची मोजदाद नाही. दोन्हींत अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, एक दिशा धरायची, वर्षाच्या आत परतायचं आणि सुरुवात केली त्याच देशात शेवट करायचा. सिडनी ते सॅन्टियागो एका उड्डाणातच सुमारे 7,000 मैल जातात, म्हणून दक्षिण गोलार्ध बघायचा असेल तर मी डोळे मिटून वनवर्ल्ड सुचवते. मात्र लाताम ही दक्षिण अमेरिकेतली एअरलाइन 2020 मध्ये त्या गटातून बाहेर पडली, तेव्हापासून दक्षिण अमेरिकेच्या आतली जोडणी दुबळी झालीय.

खरी गंमत मैलांच्या तिकिटात आहे. लंडन–सिंगापूर–सिडनी–ऑकलंड–टोकियो–लॉस एंजेलिस–लंडन हे वर्तुळ धरा. सगळं मिळून साधारण 28,400 मैल होतात, म्हणजे 29,000 च्या पायरीत आरामात बसतं. ऑकलंडहून टोकियोला जाताना थोडं मागे आल्यासारखं दिसतं, पण आशिया आणि नैऋत्य पॅसिफिक एकाच विभागात धरतात, त्यामुळे ते चालतं. आता एखादा जादा मुक्काम घालू. सिंगापूर आणि सिडनीच्या मध्ये बाली घातलं तर अंतर जवळपास तेवढंच राहतं, कारण बाली त्या दोऱ्याखालीच येतं. टोकियो आणि लॉस एंजेलिसच्या मध्ये होनोलुलू घातलं तर मात्र 900 मैल वाढतात, बेरीज 29,300 च्या आसपास जाते आणि एका किनाऱ्यापायी अख्ख्या वरच्या पायरीचे पैसे मोजावे लागतात. त्याऐवजी लॉस एंजेलिसनंतर न्यूयॉर्क घेतलं तर वाढ 500 च्या आत राहते. बसतं, पण काठोकाठ. असा मार्ग स्टार अलायन्सच्या नियोजनाच्या साधनात टाकून बघितल्याशिवाय ठरवू नका. जमिनीवरून केलेला टप्पाही सहसा मैलांत धरतात, हे लक्षात असू द्या.

सुरुवात कुठून करायची? वर्तुळ तेच असलं तरी सुरुवातीचा देश बदलला की भाडं बदलतं, कधी कधी खूपच. लंडन वर फक्त उदाहरणाला घेतलंय. तिथे मुक्काम करून तिथूनच लांबचं विमान धरलं तर ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्युटी हा कर लागतो, आणि बिझनेसला तो इकॉनॉमीपेक्षा जास्त दराने. 24 तासांच्या आत विमान बदलून पुढे गेलात तर लागत नाही. मी तर लंडन बघून झालं की युरोपातलं दुसरं शहर गाठते आणि लांबचं उड्डाण तिथून घेते.

मार्ग ठरला की जागा. ही तिकिटं बिझनेसच्या ‘डी’ बुकिंग क्लासमध्ये, म्हणजे एअरलाइनने वेगळ्या ठेवलेल्या मोजक्या जागांत, निघतात. विमानात बिझनेसच्या दहा खुर्च्या रिकाम्या असल्या तरी डीमध्ये जागा नसेल तर तुमच्या दृष्टीने विमान भरलेलं. म्हणून कमी उड्डाणं असलेला टप्पा आधी पक्का करा, बाकीच्या तारखा त्याभोवती बसवा. पुढे तारीख बदलायला बहुधा पैसे पडत नाहीत, मार्ग बदलायला पडतात.

आता कार्ड. बिझनेसच्या तिकिटावर लाउंज आणि जादा सामान आधीच मिळतं, तेव्हा कार्डावरच्या सिल्व्हर-गोल्ड दर्जाचा उपयोग परतल्यावर, पुढच्या इकॉनॉमीच्या प्रवासांत. म्हणून पुढची दोन वर्षं कुठल्या गटाच्या विमानांनी फिरणार, हा प्रश्न आधी सोडवा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या सदस्यत्व योजनेत गोल्डला 12 महिन्यांत 50,000 एलिट मैल, म्हणजे दर्जासाठी मोजले जाणारे गुण, लागतात. बिझनेसचे म्हणून वरच्या वर्तुळाचे मैल सवा पटीने मोजले तरी 35,500 होतात, म्हणजे सिल्व्हर. आणि स्टार अलायन्सचा सिल्व्हर लाउंजचं दार उघडत नाही. शिवाय क्रिसफ्लायरचे मोफत तिकिटासाठी जमवलेले मैल तीन वर्षांत संपतात. युनायटेड एअरलाइन्सच्या मायलेजप्लस योजनेचे मैल मुदतीने बाद होत नाहीत, आणि तिथल्या मोफत तिकिटांवर इंधन अधिभारही लागत नाही. निवांत जमवणाऱ्याला मी तेच सांगते. जिथे दर्जा खर्चावर मोजतात तिथे जगप्रदक्षिणेच्या भाड्याला वेगळा हिशेब असू शकतो. डी वर्गाला अंतराच्या किती टक्के मैल मिळतात त्याचा तक्ता एअरलाइनगणिक बघा, कारण एकाच कार्डावर दोन एअरलाइनचे आकडे वेगळे असतात.

सदस्य क्रमांक सगळ्या टप्प्यांवर एकच टाका. आठ ठिकाणी विखुरलेल्या मैलांतून कुठलंच तिकीट निघत नाही. बोर्डिंग पास मात्र मैल खात्यावर दिसेपर्यंत फेकू नका. राहिलेले मैल मागताना तोच पुरावा मागतात.