डुकरांतला ‘टीबी’: गोंधळ आणि चुका

कत्तलखान्यातून निरोप येतो: जबड्याखालच्या गाठींत पिवळसर, भुरभुरीत ठिपके सापडले, म्हणून डोकी बाद केली. मालक चक्रावतो. डुकरे नीट खात होती, वजन धरत होती, एकही खोकत नव्हते. मग टीबी आला कुठून?

खोकला नसण्यात नवल काही नाही. डुकराला हा संसर्ग बहुतेक वेळा तोंडावाटे होतो, त्यामुळे जंतू जबड्याखालच्या, घशाच्या आणि आतड्यालगतच्या लसिका ग्रंथींत अडकून राहतात. फुप्फुसे शाबूत, जनावर गुटगुटीत. म्हणूनच ‘आजारी दिसत नाही म्हणजे निरोगी’ हा हिशेब इथे साफ चुकतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे ‘टीबी’ हा शब्द कानावर पडताच सगळ्याला एकच रोग मानणे. मायकोबॅक्टेरियम हे जंतूंचे मोठे कुटुंब आहे. गाईगुरांचा टीबी करणारा बोव्हिस वेगळा, माणसाचा ट्युबरक्युलोसिस वेगळा, आणि एव्हियमचे तर अनेक पोटप्रकार आहेत. त्यातला एक पक्ष्यांचा. होमिनिसुइस नावाचा दुसरा पोटप्रकार माती, पाणी आणि ओल्या भुशात आपला आपण जगतो, आणि डुकरांतल्या अशा गाठींमागे आज अनेक देशांत बहुधा तोच निघतो. बोव्हिस निघाला तर गुरे तपासावी लागतात, दुधाकडे पाहावे लागते, आणि बऱ्याच देशांत कायद्याने सरकारला कळवावे लागते. होमिनिसुइस निघाला तर आधी भुशाचा ढीग बघायचा. जंतूचे नाव कळायच्या आत कळप मोडायला निघणे किंवा ‘होतं असं’ म्हणून सोडून देणे, दोन्ही महागात पडते.

नाव कळायला नमुना धड हवा, आणि घोडे नेमके तिथे अडते. गाठ काढली की सगळी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनात, बुडवून पाठवतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग प्रयोगशाळा वाढवणार काय? अर्धा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि अर्धा ताजा, बर्फावर थंड ठेवून पाठवा. नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याच्या फंदात पडू नका. ऱ्होडोकॉकस इक्वाय नावाचा भलताच जंतूही डुकराच्या गळ्यात हुबेहूब तशाच गाठी करतो. निकालाला आठवडे लागतात, कारण हे जंतू फार सावकाश वाढतात. तोवर शोध थांबवायचा नाही.

शोध घ्यायचा तो मागे वळून. एकाच खेपेच्या पुष्कळ डुकरांत एकदम गाठी निघाल्या, तर काही महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगाखाली काय पसरले होते ते आठवा. लाकडाचा भुसा उघड्यावर भिजला होता का? पिल्लांना चघळायला पीट, म्हणजे दलदलीतली कुजकी वनस्पतिजन्य माती, दिली होती का? ‘नैसर्गिक आहे, पोटाला बरे’ म्हणून पीट देतात, पण प्रक्रिया न केलेल्या पीटमधून एव्हियम पिल्लांच्या पोटात गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. पाण्याच्या नळ्यांतल्या बुळबुळीत थरातही हा जंतू तळ ठोकतो. कोंबड्या डुकरांच्या आवारात मोकाट फिरत असतील किंवा रानपक्षी खाद्याच्या कोठारात घरटी करत असतील, तर पक्ष्यांच्या पोटप्रकाराचा संशय धरा. न तापवलेले दूध किंवा चीज गाळून उरलेले पाणी पाजत असाल, तर बोव्हिसचा. आणि माणसांचे उष्टे खरकटे न उकळता घालत असाल, तर माणसाचा जंतूही डुकरात जाऊ शकतो. हे ऐकून लोक हसतात. त्यांना वाटते रोग फक्त जनावराकडून माणसाकडेच जातो.

आता कातडीची चाचणी: जंतूंपासून काढलेला ट्युबरक्युलिन नावाचा अर्क कातडीत टोचायचा आणि तिथे सूज येते का ते बघायचे. ट्युबरक्युलिन रॉबर्ट कॉख यांनी 1890 मध्ये जाहीर केले ते औषध म्हणून. औषध म्हणून ते फसले, निदानासाठी मात्र टिकले. ते टोचताना होणाऱ्या चुका साध्याच असतात. सुई कातडीच्या थरात न राहता खाली जाते. सूज मोजपट्टीऐवजी अंदाजाने बघतात. दिवस चुकतो: गाईच्या मानेवरची टोचणी 72 तासांनी वाचायची, डुकराच्या कानाच्या मुळाशी केलेली 48 तासांनी. फक्त बोव्हिसचे ट्युबरक्युलिन वापरले, तर भुशातल्या एव्हियमशी ओळख झालेले जनावरही सूज दाखवते आणि उगाच दोषी ठरते. म्हणून पक्ष्यांचे ट्युबरक्युलिन शेजारी टोचून तुलना करतात. निकाल पटला नाही म्हणून आठवड्याभरात पुन्हा टोचण्यात अर्थ नाही. गाईत किमान 42 दिवस थांबावे लागते, कारण आधीच्या टोचणीने प्रतिसाद मंदावलेला असतो. नुकतीच व्यालेली गाय आणि रोगाने पार खंगलेले जनावर खोटा ‘नकार’ देऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या असतील तर याच कुटुंबातला जोन्स रोग विसरू नका. गाय हगते, वाळते, पण भूक शाबूत आणि ताप नाही. लोक जंताचे औषध पाजत राहतात. शेळ्यामेंढ्यांत तर हगवण बऱ्याचदा नसतेच, नुसते वाळणे. संसर्ग मात्र झालेला असतो वासरूपणीच, शेणाने बरबटलेल्या आचळांतून किंवा चिकातून. लक्षणे दिसतात बहुधा 2 ते 5 वर्षांनी. अनेक गाईंचा चीक एकत्र करून सगळ्या वासरांना पाजणे, ही सवय आजच मोडा. एक रोगी गाय अख्खी पिढी बाधवू शकते.

गोळ्या देऊन जनावरे बरी करू, असे कुणी सुचवले तर ऐकू नका. उपचार महिनोन् महिने चालतात, जनावर जंतू बाहेर टाकत राहू शकते, आणि माणसांच्या औषधांना दाद न देणारे जंतू तयार व्हायला वाव मिळतो.

राहिली सफाई. या जंतूला मेणासारखे कवच असते, त्यामुळे क्वाटर्नरी अमोनियम प्रकारची नेहमीची जंतुनाशके त्याच्यावर फारशी चालत नाहीत. बाटलीवर मायकोबॅक्टेरियावर चालते असे लिहिले आहे का ते वाचा. फिनॉल गटातली बरीचशी चालतात. ब्लीचही मारते, पण शेणावर ओतले की निम्मे काम तिथेच संपते. आधी खरवडा, धुवा, सुकू द्या, मग फवारा, आणि लेबलवर दिलेली मिनिटे पृष्ठभाग ओला राहू द्या. जुना भुसा मात्र सगळा उचलून टाका, फवारून परत वापरू नका.