मसाई माऱ्यात सिंह बघायचेत? निघण्याआधीची तयारी

पहिली तयारी तारखेची. मसाई मारा हे केनियातलं वन्यप्राण्यांचं राखीव क्षेत्र. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे जाणं सोयीचं असतं, पण मार्च ते मे तिथला मोठा पावसाळा. गवत कमरेपर्यंत वाढतं आणि आडवा पडलेला सिंह वीस फुटांवरूनही दिसत नाही, शिवाय गाड्या चिखलात रुततात. जुलै ते ऑक्टोबर गवत आखूड, विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप माऱ्यात आणि त्यांच्या मागावर सिंह. जमलं तर गणपतीच्या आसपास रजा काढा.

मग कागदपत्रं. केनियाला आता व्हिसा नाही, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढावी लागते. खरी गफलत होते ती यलो फीव्हरच्या (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराच्या) लशीत. भारतातून जाणाऱ्याला केनियात ती विचारत नाहीत म्हणून लोक टाळतात आणि परतताना अडकतात, कारण केनियाहून भारतात येताना पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचा दाखला, लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही आणि कार्ड लागू होतं टोचल्यानंतर दहा दिवसांनी. म्हणून निघण्याच्या दीड महिना आधीच हे उरका. कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथल्या तिथे ताडून बघा. साठीच्या पुढचे, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि गरोदर बायका यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

बॅग मऊ कापडी घ्या, चाकांची कडक सुटकेस नको. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडणाऱ्या छोट्या विमानांत हातातल्या पिशवीसकट साधारण पंधरा किलोच चालतं. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात 2017 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात भरा. कपडे खाकी, मातकट किंवा फिका हिरवा. गडद निळा आणि काळा टाळा, त्से त्से ही चावरी माशी त्याच रंगांवर येते. लष्करी छापाचे कपडे नकोतच. आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढा. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचावर आहे आणि पहाटे सहाला उघड्या छताच्या जीपमध्ये स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतात. दहानंतर तेच कपडे नकोसे होतात, म्हणून एकावर एक घालावेत.

दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची), आणि माणशी एक. घरात एकच असेल तर सिंह उठतो नेमका तेव्हा ती दुसऱ्याच्या हातात असते. कॅमेऱ्याला 400 मिमीपर्यंतची लेन्स पुरते. ट्रायपॉड जीपमध्ये निरुपयोगी. त्याऐवजी कॅमेरा टेकवायची छोटी बीनबॅग रिकामी न्या, तिथे तांदूळ भरून खिडकीवर ठेवा. फोटोच्या वेळी इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथरीने सगळे फोटो हलतात. लेन्स गाडीत बदलू नका, धूळ फार असते. चार्जरला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागेल. ड्रोन घरीच ठेवा.

सिंह दिवसातले वीसेक तास लोळून काढतो. हालचाल दिसायची ती उजाडताना आणि मावळताना, म्हणून नाश्ता डब्यात घेऊन सहाला फाटकावर पोचा. गवतात अख्खा सिंह शोधू नका. कानांमागचे काळे ठिपके आणि शेपटीचा काळा गोंडा आधी दिसतो. सापडल्यावर पाच मिनिटांत पुढे पळणाऱ्या ड्रायव्हरला थांबायला सांगा, अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल. मात्र एका ठिकाणी पाच गाड्यांची मर्यादा आहे. मागे रांग लागली तर जागा सोडावी लागते. गाडीबाहेर हात, पाय, डोकं काढू नका आणि उतरायचं तर नावच नको. राखीव क्षेत्रात रस्ता सोडायला मनाई आहे. रात्रीची फेरी हवी असेल तर शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे राखीव क्षेत्राबाहेरच्या खासगी संरक्षित जागेत, मुक्काम घ्या.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून ठरवा. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते आणि तिच्याने उन्हाचा त्रास वाढतो, तेव्हा सनस्क्रीन हवंच. परतल्यावर ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणत बसू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हे असू द्या.